विषय: कोल्हापूरची हाफ मॅरेथॉन, नवऱ्याबरोबर की नवऱ्याशिवाय?

प्रेषक: रंकाळ्याची लेक
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात माहेरी कोल्हापूरला जातोय. जानेवारीत तिथे २१ किलोमीटरची स्पर्धा आहे, दोघांनीही नावं घातलीत. ह्याची चौथी, माझी पहिलीच. हा दोन तासांत संपवतो. माझा अंदाज दोन तास चाळीस मिनिटं, तोही देवाच्या भरवशावर. हा म्हणतो, "मी तुझ्या वेगानं येतो, काळजी करू नकोस." आई म्हणते, हातात हात घालून पोचा, पेपरात फोटो येईल. कुणी असं जोडीनं पळालंय का?

दुसरं म्हणजे, स्पर्धेच्या दोन आठवडे आधी वाघबीळवरून पन्हाळा चढायचा बेत आहे. त्यासाठी इथे चढ कुठून आणू? नेदरलँड्समधला आपल्या बाजूचा सगळ्यात उंच डोंगर वाल्सरबर्ग, ३२२ मीटर. कोल्हापूर शहरच साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलंय! सध्या ऑफिसच्या पार्किंगच्या रॅम्पवर खाली-वर करते. तिथला रखवालदार हल्ली काही विचारत नाही, नुसता बघतो.

---

प्रेषक: शिवाजी पेठ, मुक्काम उट्रेख्त
मंगळवार, सकाळी

ताई,

बरोबर पळू नका. आम्ही एकदा पळालोय आणि घरात अजून तो विषय निघतो.

आधी हिशेब बघा. दोन तासांत २१ म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४१ सेकंद. दोन चाळीस म्हणजे ७ मिनिटं ३५ सेकंद. दर किलोमीटरला जवळजवळ दोन मिनिटांचा फरक. दहा किलोमीटरवर एकोणीस मिनिटं होतात, तेवढ्यात माणूस चहा पिऊन पेपर वाचून मोकळा होतो. आता तुमचे हे म्हणतात, हळू येतो. हळू येणं म्हणजे उपकार नव्हे, तो वेगळाच त्रास आहे. पाऊल आखडतं, पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतात आणि रस्त्यावर चाळीस मिनिटं जादा काढावी लागतात. मला तर त्या दिवशी गुडघे कुणी दुसऱ्याचे लावल्यासारखे वाटत होते. आणि हळू पळणाऱ्याची गत त्याहून वाईट. शेजारी कुणीतरी न दमता गप्पा मारतंय, मधूनच घड्याळ बघतंय, हे बघून तो आपला वेग सोडून दुसऱ्याचा धरतो.

शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात अजूनही पैलवानांची जोड लावताना तोलामोलाची बघतात. लग्नाची जोड लावताना मात्र किलोमीटरला किती मिनिटं लागतात हे कुणी विचारत नाही. आमच्या वेळी पत्रिका बघितली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. त्यात पळण्याचा गुण कुठं धरत नाहीत.

तर आमची कथा. तेराव्या किलोमीटरपर्यंत मी बायकोच्या शेजारी "चल, चल, जोर लाव" करत होतो. तेराव्याला ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." मला वाटलं प्रेमानं म्हणतेय, म्हणून मी सुटलो. आधी वाया गेलेला वेळ भरून काढायच्या नादात पाच किलोमीटर खुळ्यागत पळालो आणि अठराव्याला पोटरीत असा गोळा आला की दुभाजकावर बसलो. थोड्या वेळानं ती आली. थांबली, माझा हात धरला, गुळाचा खडा दिला आणि धीर देऊन पुढं गेली.

सुरुवातीला पुढं घुसायची घाई करू नका. बिबावरची, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरावरची चिप तुम्ही रेषा ओलांडल्यापासूनच वेळ मोजते, त्यामुळे मागं उभं राहून काही बिघडत नाही. दोन चाळीसचा झेंडा घेऊन ठरल्या वेगानं पळणारा पेसर असेल तर त्याच्या घोळक्यात शिरा. परका माणूस "चल" म्हणाला की राग येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. पळताना खायच्या जेलच्या पुड्या इथून नेऊ नका. त्या म्हणजे शेवटी साखरच, आणि आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मात्र खडा तोंडात टाकलात की वर पाण्याचे घोट घ्या, नाहीतर घसा चिकटतो.

आणि पन्हाळ्याचं ऐका. चढाची भीती बाळगू नका, उसाच्या ट्रॅक्टरची बाळगा. तुम्ही जाताय ऐन गळिताच्या हंगामात. शिवाजी पूल ओलांडून केर्लीकडं निघालात की अंधारात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले आणि वर गाणी इतकी मोठ्यानं की हॉर्नसुद्धा ऐकू यायचा नाही. फटफटल्याशिवाय निघू नका. समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनं पळा, कानात काही घालू नका. वाघबीळच्या वळणावर चाललात तरी कमीपणा नाही, तिथं मोटारीही दुसऱ्या गिअरमध्ये असतात.

---

प्रेषक: मंडळ, खजिनदार
मंगळवार, दुपारी

मध्येच लिहितोय, माफ करा. संक्रांतीच्या हॉलचे पैसे या शुक्रवारी भरायचे आहेत आणि अजून निम्म्या घरांची वर्गणी आलेली नाही. पळणाऱ्यांनीही भरावी.

---

प्रेषक: शिवाजी पेठवाल्यांची बायको
मंगळवार, रात्री

वर्गणी भरली.

आता ह्यांनी लिहिलेलं वाचून हसून हसून पोट दुखलं. मी थांबलो नाही! (पुण्याच्या मंडळींनी दचकू नये, आमच्याकडं बायका असंच बोलतात.) हात धरलाच नाही. पळता पळता गुळाचा खडा टाकला, तोही अर्धा. अर्धा मला लागणार होता. आणि धीर कसला, "उठा, पाय ताणा, लोक बघायलेत" एवढंच म्हणालो.

आणि तेराव्या किलोमीटरला मी प्रेमानं काही म्हणाले नव्हते. त्याआधी ह्यांनी अकरा वेळा "अजून किती हळू" विचारलं होतं, मी मोजत होतो.

ताई, एक सांगते. हे पुढं गेल्यावर मला पहिल्यांदा रस्ता दिसला. कडेला शाळेतली पोरं झांजा वाजवत होती, एक म्हातारी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बारा-तेरा किलोमीटर मी नुसता ह्यांचा चेहरा वाचत होतो. नंतर मी माझ्यापुरता पळालो आणि ह्यांच्या आधी सतरा मिनिटं पोचलो. ते सतरा मात्र ह्यांच्या मेलमध्ये कुठं दिसले नाहीत.

सरावाला मात्र जोडीनं जा. रंकाळ्याच्या फेऱ्या हळू घ्यायच्या असतात, तिथं बोलायला सोबत लागते.

---

प्रेषक: रंकाळ्याची लेक
बुधवार, सकाळी

वहिनी, तुमची मेल ह्याला मोठ्यानं वाचून दाखवली. "सतरा"वर जरा गप्प झाला.

ठरलं ते असं. रंकाळ्याला बरोबर, पन्हाळ्यालाही बरोबर (तेही फटफटल्यावर). स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीलाच एकमेकांना "या" म्हणायचं आणि आपापलं सुटायचं. ह्यानं पोचल्यावर उलट पळत मला आणायला यायचं नाही, अशी अट घातलीय. त्यानंही एक घातली, की तो अठराव्याला बसलेला दिसला तर गूळ अख्खा द्यायचा. बघू म्हणाले.

संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध. दोघांपैकी जो आपल्या अंदाजापेक्षा उशिरा येईल त्यानं पैसे द्यायचे.

आईला हवा असलेला फोटो आदल्या दिवशी बिब घेताना काढणार आहोत, हातात हात घालून.

खजिनदारसाहेब, वर्गणी आज भरते.