पांचट वाक्य आणि पेटीवाला

काल लेकीने 'द ऑफिस' लावलं, माहितीपटासारखी घेतलेली कचेरीवरची विनोदी मालिका, अमेरिकेतली, २००५ सालची. त्यातला साहेब मायकल स्कॉट भर मीटिंगमध्ये 'दॅट्स व्हॉट शी सेड' असं द्व्यर्थी चावट काहीतरी म्हणतो, आणि मागून हशाची टेप नाही! नुसती शांतता. हाताखालचा जिम तेवढा कॅमेऱ्याकडे बघतो. मी त्या बघण्यालाच हसले.

आणि एकदम आमच्या गोव्यातल्या माशेलचं उत्सवातलं नाटक आठवलं. विनोदी काम करणाऱ्याने तालमीत नसलेलं एक चावट वाक्य घुसडलं. पुढच्या रांगेत देवस्थानची मंडळी. मंडप चिडीचूप. तेवढ्यात पेटीवाल्याने मान वर न करता एकच सूर दाबला, पोंऽऽ. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. वाक्य पांचटच होतं हो, पण तो पेटीवाला!
तुमचेही किस्से येऊ द्या.

पेडणेकर: दहिकाल्यातला, म्हणजे दशावतारी नाटकातला, संकासूर! वेद चोरणारा राक्षस, पण पोरं त्याच्याचसाठी जागी. लिहिलेली संहिता नाही, सगळं जागच्या जागी. आजी पदर तोंडावर धरायची आणि हळूच मला विचारायची, "कितें म्हळें रे ताणें?" (काय म्हणाला रे तो?)

सुशेगाद: आजी 😂😂

बसची_खिडकी: ब्रिटिश बघितलंय का कोणी? मूळ तेच, २००१चं. दोन सीझन मिळून १२ भाग, वर नाताळचे दोन. तिथला साहेब डेव्हिड ब्रेंट बोलायला लागला की मी उशीत तोंड खुपसते. अमेरिकेवाल्यांनी २०१ भाग ताणलं.

पेडणेकर: ताणलं म्हणून तर मायकलबद्दल माया वाटायला लागली. १२ भागांत कसली माया?

तिसवाडीची: आमचे एक साहेब होते असे. बायकांवरून विनोद, रोज, चहाच्या वेळी. मी दोन वर्षं हसले. बघायला कॅमेरा नव्हता ना, भिंतीवरच्या महालक्ष्मीच्या कॅलेंडरकडे बघायचे. मालिकेत हसू येतं कारण तिथे हसं साहेबाचं होतं. आमच्याकडे आमचंच व्हायचं. असो, कुकर झाला, येते.

माशेलची (धागाकर्ती): अगं. हे वाचून पोटात तुटलं. आता रिटायर झाले ना ते?

तिसवाडीची: झाले. निरोपाच्या भाषणातही एक विनोद केला. कोणीच हसलं नाही. एकदम मायकल स्कॉट! फक्त पेटीवाला हवा होता.

सुशेगाद: पोंऽऽ

बसची_खिडकी: विषय सोडून विचारते, आज मापशांत सुंगटं (कोळंबी) कशी दिली?

पेडणेकर: विचारूच नका. भाव ऐकून मीच कॅमेरा शोधत होतो.