सोलापूरहून नागपूरला जड स्पीकर आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर सुखरूप कसे पाठवावेत?

होटगी_रोड यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी हौसेने जमवलेला ध्वनिसंच आम्ही नागपूरच्या एका गृहस्थांना विकत आहोत. त्यात पंधरा इंची वूफर (खर्जाचा स्पीकर) असलेले दोन उभे स्पीकर (प्रत्येकी सुमारे ५० किलो), तीसेक किलोचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर, एक टर्नटेबल आणि थोड्या रेकॉर्ड आहेत. मूळ खोकी केव्हाच रद्दीत गेली. कुरिअरवाले म्हणतात, "बबल गुंडाळून द्या, पोचवतो." त्यावर विसंबून राहण्यास मन तयार होत नाही. घरात चादरी आणि टॉवेल पुष्कळ आहेत (सोलापूरच्या घरात आणखी काय असणार). त्यांत गुंडाळून भागेल, की सुताराकडून लाकडी पेट्याच करून घ्याव्यात? ट्रान्सपोर्टच्या कागदपत्रांत काय पाहावे, हेही कृपया सांगावे.

व्हॉल्व्हप्रेमी यांचे उत्तर

पेट्याच करून घ्याव्यात. परंतु त्याआधी पेटीच्या आत काय हलू शकते, याचा विचार करावा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे बहुतेक वजन ट्रान्सफॉर्मरमध्ये असते आणि ते बहुधा चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) एका कडेला बसवलेले असतात. खोके हातातून निसटून फरशीवर आपटले, तर बाहेरचा पुठ्ठा जेमतेम चेपतो, पण आत ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टभोवतीचा पत्रा वाकलेला आणि व्हॉल्व्हचा सॉकेट तडकलेला आढळतो. म्हणून सर्व व्हॉल्व्ह काढावेत, कोणता कोणत्या सॉकेटातला हे प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिहावे आणि ते वेगळ्या छोट्या खोक्यात ठेवावेत. पॉवर व्हॉल्व्ह जागा बदलून बसवले, तर बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा मूळ प्रवाह) पुन्हा लावावा लागतो. ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट घट्ट आहेत ना, हे पाहण्यासाठी खालचे झाकण उघडणार असाल, तर ते माहितगाराकडूनच करून घ्यावे, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. पेटीची कोणती बाजू जड आहे, हे बाहेर ठळक लिहावे. दोन हमाल दोन्ही बाजूंना सारखेच वजन आहे असे समजून उचलतात आणि जड कोपरा प्रथम निसटतो.

आता वेष्टनाविषयी. बबलचे फुगे तीस किलोच्या भाराखाली फुटतात. थर्माकोल एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे पहिला धक्का तो सोसतो आणि दुसरा थेट यंत्राला बसतो. जड वस्तूंसाठी घट्ट जातीचा ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम घ्यावा आणि तो सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर असावा. यंत्र आधी एका खोक्यात घट्ट बसवून, ते खोके फोमसह दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवणे सर्वांत सुरक्षित. लाकडाच्या पॉलिशला मात्र प्लॅस्टिक थेट लावू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद टेम्पोत बबलचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात. आधी धुतलेले जुने सुती कापड लावावे, मग फोम. टॉवेल वापरू नयेत, त्यांचे तंतू टर्नटेबलच्या हातात (सुईच्या दांडीत) आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटांत अडकतात. चादरींचा उपयोग आहे, पण पेटीच्या बाहेर, पेटी आणि टेम्पोचा पत्रा यांच्यामध्ये.

स्पीकरची खरी काळजी वूफरच्या चुंबकाची. एवढ्या मोठ्या वूफरचे चुंबक कित्येक किलोचे असते आणि अनेकदा ते केवळ गोंदाने चिकटवलेले असते. जोराच्या आदळआपटीने ते किंचित सरकले, तरी व्हॉइस कॉइल (वूफरमधली तारेची गुंडाळी) घासू लागते आणि आवाज खरखरतो. मग ती दुरुस्ती फार खर्चिक ठरते. स्क्रू सहज निघत असतील, तर वूफर काढून वायरींवर खुणा करून वेगळा पाठवावा. कॅबिनेटचे लाकूड भुसभुशीत झाले असेल, तर त्याच्या नादी लागू नये, कारण त्या भोकांत स्क्रू पुन्हा पकड घेत नाहीत. जाळी काढून वेगळी ठेवावी आणि समोरच्या बाजूवर प्लाय असा बसवावा, की त्याच्या पट्ट्या कॅबिनेटच्या कडांवर टेकतील आणि कोनला (वूफरच्या पुढच्या शंकूला) काहीही स्पर्श करणार नाही. पेटी १२ मिलिमीटर प्लायची करावी व खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. स्पीकर आत असताना हातोडा चालू नये आणि नागपूरला पेटी उघडताना पहारही लागू नये. तळाला दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, की ट्रॉलीचे पाते खाली शिरते आणि ५० किलोचे ओझे कोणालाही पोटाशी धरून न्यावे लागत नाही.

टर्नटेबलचा पट्टा आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवण्याची तबकडी) काढावा, हाताच्या मागचे वजन उतरवावे, सुई असलेले डोके काढून वेगळे ठेवावे आणि हात त्याच्या खाचेत सुती दोऱ्याने बांधावा. मोटर किंवा आतली चासी स्प्रिंगवर तरंगत असेल, तर ती घट्ट रोखावी, मूळ स्क्रू नसल्यास फोमचे तुकडे सारून. रेकॉर्ड उभ्याच भराव्यात.

मालवाहतूक_जुना यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे; फक्त वाहतुकीविषयी लिहितो. पार्टलोडमध्ये (इतरांच्या मालासोबत पाठवल्यास) माल वाटेत एखाद्या गोडाऊनला उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो आणि त्यावर कोणाचे लोखंड ठेवले जाईल, हे सांगता येत नाही. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळमार्गे नागपूरला परत जाणारी रिकामी छोटी गाडी मिळाली, तर थोडे जास्त भाडे देऊन तीच पूर्ण घ्यावी. रेल्वे पार्सल स्वस्त पडेल, पण फलाटावरची हाताळणी या मालासाठी मला रुचत नाही.

बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का असेल, तर तो आधी वाचावा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार जादा जोखमीचा दर देण्याचे ठरवलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. पाच हजार भाडे आणि दोन लाखांचा संच असेल, तर हिशेब आपणच करावा. म्हणून तो जादा दर भरून किंमत बिल्टीवर लिहून घ्यावी आणि विमा स्वतंत्र काढावा, मात्र जुन्या मालाच्या तुटफुटीला तो लागू आहे की नाही, हे लेखी विचारावे. दावा दाखल करायचा झाल्यास बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीखालील मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) लागते; माल घरगुती व वापरलेला असल्याने नियम कसा लागू होतो, हे वाहतूकदाराशी आधीच बोलून ठरवावे आणि मालाच्या वर्णनाचे सही केलेले पत्र चालकाजवळ द्यावे. अनुक्रमांकांसह फोटो काढावेत. घेणाऱ्यांना सांगावे की पेटीवर एखादा खोक दिसला, तरी पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी.

होटगी_रोड

दोघांचेही मनापासून आभार. अक्कलकोट रोडच्या एका सुताराला मापे दिली आहेत. माल पोचल्यावर ते लगेच लावून पाहतील, त्यांना काही सांगावे का?

व्हॉल्व्हप्रेमी

जरूर सांगावे. वूफरच्या कोनवर दोन्ही बाजूंनी बोटे सारखी टेकवून तो हलकेच आत दाबावा. घासल्याचा आवाज आला नाही, तर चुंबक जागेवर आहे असे मानायला हरकत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह चिठ्ठ्यांप्रमाणे बसवावेत आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू नये, कारण भाराविना चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.