मदत हवी आहे: लिथियम बॅटरीच्या काळ्या पुडीतून तांबे आणि ॲल्युमिनिअम निघत नाही

भोसरी_कार्यशाळा
नमस्कार. वापरून संपलेल्या लिथियम बॅटऱ्या दळून आणि चाळून त्यांतील काळी पूड, म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनिअमच्या पातळ फॉइलवर असलेल्या लेपाची पूड, वेगळी करण्याचे काम आम्ही करतो. पुडीत तांबे आणि ॲल्युमिनिअम मर्यादेपेक्षा जास्त आहे असे सांगून खरेदीदाराने मागचा माल परत पाठवला. चाळणी बारीक केली, तर पूड जाळीवरच अडकून राहते आणि उतारा घसरतो. जाड केली, तर फॉइलचे कण पुडीबरोबर खाली येतात. रासायनिक प्रक्रिया आम्हाला करायची नाही, आमची परवानगीही केवळ यांत्रिक कामापुरती आहे. पुढचा माल लवकरच द्यायचा असल्यामुळे कोणता मेश, म्हणजे किती बारीक भोकांची जाळी, वापरावा, एवढेच कृपया सांगावे.

खनिजमित्र
एवढ्या माहितीवर मेशचा आकडा सांगणे योग्य होणार नाही. सेल कोणत्या प्रकारचे आहेत, एलएफपी (लिथियम लोह फॉस्फेट) की एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट)? दळण्याचे यंत्र कोणते, त्याच्या तळाच्या जाळीची भोके किती मिलिमीटरची, आणि चाळताना पूड पूर्ण कोरडी असते का?

सौरदीप
दळण्याआधी प्रत्येक सेलची क्षमता तपासता का? वाहनातून काढलेल्या पॅकमधील अनेक सेल घरगुती सौरसंचासाठी पुढे कितीतरी काळ चालतात. पॅकमधील एखादीच ओळ कमकुवत झाल्यामुळे संपूर्ण पॅक बाद ठरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. चांगले सेल दळून टाकण्याआधी याचा जरूर विचार करावा.

भोसरी_कार्यशाळा
सौरदीप, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु आमच्याकडे येणारा माल तपासणीत नापास होऊनच येतो. यंत्र हॅमर मिल, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी दळणारे, आहे, तळाची जाळी 6 मिमीची. दळण्याआधी सेल मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांतील वीज काढतो, दळलेला माल उन्हात पसरवतो आणि मग कंपन चाळणीवर घेतो. आता मेश सांगावा.

नाशिकचा_यंत्रज्ञ
अडचण चाळणीच्या आधी, मिलमध्ये आहे. सेलमधील तांब्याची फॉइल साधारण 6 ते 12 मायक्रॉन जाडीची असते आणि ॲल्युमिनिअमची 10 ते 20 मायक्रॉन. दोन्ही धातू लवचीक असल्यामुळे ते तुटण्याऐवजी दुमडतात आणि मोठ्या आकारात राहतात. उलट फॉइलवरचा लेप ठिसूळ असल्यामुळे त्याची पूड होते. चाळणीने धातू आणि पूड वेगळी होऊ शकते ती याच फरकामुळे. पण माल हॅमर मिलमध्ये जास्त वेळ फिरला, की फॉइलचेही बारीक कण होतात आणि एकदा ते पुडीच्या आकाराचे झाले, की कोणत्याही मेशने ते परत वेगळे होत नाहीत. माझा सल्ला असा, की पहिल्या टप्प्यात संथ गतीच्या दोन दंडांच्या श्रेडरने सेल केवळ उघडावेत, चुंबकाने पोलादी आवरण काढावे, झिगझॅग हवाई वर्गीकरणाने दोन फॉइलमधील विभाजकाचे हलके प्लॅस्टिक उडवून द्यावे, आणि त्यानंतरच थोडा वेळ हातोड्याचा मार देऊन लेप झटकावा.

रसायन_शिक्षिका
यंत्रज्ञांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु जाळी बुजण्याचे कारण निराळे आहे. सेलमधील द्रवातील, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधील, डायमिथिल कार्बोनेट हे विद्रावक सुमारे 90 अंशांना उकळते, म्हणून ते उन्हात लवकर उडून जाते. इथिलीन कार्बोनेट मात्र सुमारे 248 अंशांना उकळते आणि 36 अंशांखाली घन होते, त्यामुळे ते उन्हात जवळजवळ तसेच राहते. पूड हाताला कोरडी वाटली तरी चिकट राहते, गुठळ्या करते आणि जाळी बुजवते. याला उपाय म्हणजे निर्वातात गरम करून विद्रावक बाहेर काढणे आणि ते थंड करून गोळा करणे. जर्मनीतील ड्यूझेनफेल्ड ही कंपनी सेल नायट्रोजनच्या वातावरणात फोडून पुढे नेमके हेच करते.

याहून महत्त्वाचे म्हणजे उन्हात माल पसरवणे आजच थांबवावे. इलेक्ट्रोलाइटमधील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार हवेतील ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी, दाहक वायू तयार करतो. त्याने भाजल्याची वेदना कधी कधी उशिरा जाणवते, तोपर्यंत ते खोलवर गेलेले असते. कामगारांसाठी योग्य हातमोजे आणि मुखवटे, जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आणि बाहेर जाणारा वायू धुऊन काढणारा अल्कधर्मी स्क्रबर हवाच.

खनिजमित्र
मी फेनतरणाचा आग्रह धरीन. दहावीच्या विज्ञानात शिकलेली ही पद्धत येथे उत्तम लागू पडते. ग्राफाइट पाण्याला दूर ठेवते, म्हणून थोडे केरोसीन आणि फेस आणणारे द्रव्य घातल्यावर ते फेसाबरोबर वर येते, तर धनाग्राच्या (धन टोकाच्या) लेपातील ऑक्साइड खाली राहते. अशी दोन भागांत विभागलेली पूड अधिक मोलाची ठरते.

नाशिकचा_यंत्रज्ञ
खनिजमित्र, मूळ प्रश्न तांबे आणि ॲल्युमिनिअम काढण्याचा आहे, ग्राफाइट वेगळे करण्याचा नाही. शिवाय लेप फॉइलला चिकटवून ठेवणाऱ्या पीव्हीडीएफ या बंधकाचा थर धनाग्राच्या कणांवरही असतो, त्यामुळे तेही पाण्याला दूर सारतात आणि ग्राफाइटबरोबर फेसात येतात. बंधक काढल्याशिवाय फेनतरण सांगणे म्हणजे अर्धी प्रक्रिया सांगणे.

खनिजमित्र
बंधक काढावा लागतो, हे मान्य आहे. ऑक्सिजनविरहित भट्टीत 500 ते 550 अंशांपर्यंत तापवले, की पीव्हीडीएफ विघटित होतो, आणि त्यामुळे लेपही फॉइलवरून सहज सुटतो. म्हणजे आपल्या चाळणीलाही त्याचा लाभच होईल. तापमान मात्र 660 अंशांच्या बरेच खाली ठेवावे, कारण त्या तापमानाला ॲल्युमिनिअम वितळून पुडीत मिसळते. या विघटनातूनही हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तेव्हा ताईंनी सांगितलेला स्क्रबर येथेही अनिवार्य आहे.

ठाण्याचा_उद्योजक
एवढा खटाटोप कशासाठी? सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पूड विरघळवावी, कोबाल्ट आणि निकेल थेट मिळते.

भोसरी_कार्यशाळा
रासायनिक प्रक्रिया करायची नाही, हे पहिल्याच संदेशात लिहिले आहे. भट्टी घेण्याइतके भांडवल सध्या नाही. आणि मिठाच्या पाण्यात सेल ठेवणे चालेल ना? तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ठाण्याचा_उद्योजक
नक्कीच चालेल, सगळे तसेच करतात.

रसायन_शिक्षिका
मला हे मान्य नाही. मिठाच्या पाण्यात टोकांशी विद्युतविघटन होऊन हायड्रोजन आणि क्लोरीन निघतात, सेलची टोके गंजतात, आवरण फुटून विद्रावक पाण्यात उतरते आणि ते सारे पाणी फ्लोराइडयुक्त सांडपाणी होते. ॲल्युमिनिअमच्या आवरणाचे चौकोनी सेल तर फार लवकर गंजतात. त्याऐवजी पॅक रोधावर जोडून वीज काढावी आणि भार काढल्यावर काही वेळाने व्होल्टेज पुन्हा मोजावे, कारण ते थोडे परत चढते.

ओली पूड बंद पिंपात साठवू नये, हेही येथेच सांगते. तिच्यातील लिथियम संयुगांमुळे पाणी अल्कधर्मी होते, ॲल्युमिनिअमचे कण त्याच्याशी अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन साठत जातो.

खनिजमित्र
माझा पहिला प्रश्न अजून अनुत्तरित आहे. सेल कोणते?

भोसरी_कार्यशाळा
ई-रिक्षांचे चौकोनी सेल एलएफपीचे असतात, स्कूटरच्या पॅकमधले 18650 आकाराचे दंडगोल सेल एनएमसीचे. दोन्ही एकाच फेरीत दळतो. शेवटी काळी पूडच मिळते, त्यामुळे प्रकाराने काय फरक पडतो, हे समजले नाही.

खनिजमित्र
फार मोठा फरक पडतो. एनएमसीच्या पुडीला किंमत येते ती निकेल आणि कोबाल्टमुळे. एलएफपीमध्ये हे दोन्ही नाहीत. त्यात वजनाने सुमारे 35 टक्के लोह आणि जेमतेम 4.4 टक्के लिथियम असते. हे लोह फॉस्फेटमध्ये बांधलेले असल्यामुळे साध्या चुंबकाने निघत नाही, आणि दोन्ही पुडी इतक्या बारीक असतात की एकदा मिसळल्यावर भौतिक पद्धतीने त्यांना वेगळे करणे व्यवहारात जमत नाही. म्हणून वर्गवारी दळण्याच्या आधी, आवरणावरील छाप पाहून करावी. छाप नसेल, तर वीज काढण्यापूर्वी मोजलेल्या व्होल्टेजचा आधार घेता येतो, कारण एलएफपीचे नाममात्र व्होल्टेज 3.2 आणि एनएमसीचे 3.6 ते 3.7 असते, परंतु रिकाम्या सेलवर तो भरवशाचा नाही.

नाशिकचा_यंत्रज्ञ
सहमत. ॲल्युमिनिअमच्या आवरणाचे सेल आणि पोलादी आवरणाचे सेल एकत्र दळले, की ॲल्युमिनिअमचे प्रमाणही वाढते, आणि ते चुंबकाने निघत नाही. आपल्या पुडीतील ॲल्युमिनिअमचा एक भाग फॉइलचा नसून चौकोनी आवरणाचा असू शकतो.

भोसरी_कार्यशाळा
उद्यापासून दोन्ही वेगळे दळतो, आणि माल उन्हात पसरवणे बंद केले आहे. निर्वात भट्टीऐवजी भाड्याने काही मिळते का, याची चौकशी करत आहे. तोपर्यंत हातोड्यांची गती कमी करून आणि तळाची जाळी 10 मिमीची लावून पाहू का?

नाशिकचा_यंत्रज्ञ
पाहावे, मात्र हे दोन्ही बदल एकाच वेळी करू नयेत. प्रत्येक वेळी मालाचे 2 मिमी, 1 मिमी, 0.5 मिमी आणि 0.25 मिमी चाळण्यांवर भाग पाडावेत, प्रत्येक भाग तोलावा आणि ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत, असे पुन्हा पुन्हा करून नमुना काढून प्रत्येक भागातील तांबे व ॲल्युमिनिअम प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. कोणत्या आकाराखाली तांबे एकदम वाढते, ते त्या तक्त्यात दिसेल, आणि आपल्याला हवा असलेला मेश त्यावरूनच ठरेल. एनएमसीच्या वेगळ्या दळणाचा अहवाल आला, की येथे टाकावा.