ठाणे स्टेशनालगतचा टॉवर: उंचीचं सोडा, जिन्याचं बोला
ठाणे स्टेशनालगत टॉवर उभारायचा बेत आहे, त्यावर कोणीतरी म्हटलंय की १८५३ च्या या स्टेशनाशेजारी गगनचुंबी टॉवर म्हणजे वारशाची थट्टा. मला नाही पटत. १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेली ती पहिली गाडी जिथे येऊन थांबली, तिथे आज नावाखेरीज जुनं म्हणावं असं फारसं दिसतं तरी काय? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलला खेटून ४२७ मीटरचा वन व्हँडरबिल्ट उभा राहिला, पण जादा बांधकामाच्या बदल्यात बिल्डरला तिथल्या भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर आणि वाटांवर सुमारे २२ कोटी डॉलर खर्चावे लागले. ही अट इथे कोणी घालणार आहे का?

आपल्याकडे २०२४ मध्ये पाच नंबरचा फलाट दोन-तीन मीटर रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला होता. (फरक जाणवतो, हे कबूल.) पादचारी पुलांवर मात्र तीच रेटारेटी. परवा संध्याकाळी सातला माझी एक चप्पल निघाली. वाकायची सोय नव्हती. दुसरीही तिथेच सोडली आणि सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या बसच्या उंच पुलावरून, अनवाणीच बस पकडली. त्या टॉवरमधली माणसं कुठल्या जिन्याने उतरणार, तेवढं आधी नकाशावर दाखवा.