शब्दचर्चा : ‘अँड्रॅगॉजी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (वाडी, बडोदे)
सखी मंडळाच्या शिवणवर्गांत शिकवणाऱ्या ताईंसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. तिच्यात ‘अँड्रॅगॉजी’, म्हणजे मोठी माणसे कशी शिकतात याचे शास्त्र, हा शब्द पानोपानी येतो. वर्गातल्या बायका तिशीपासून साठीपर्यंतच्या. ‘प्रौढशिक्षणशास्त्र’ लिहावे, तर वाचणारीला लगेच पाटी-पेन्सिल आणि अंगठा आठवतो. दुसरा शब्द आहे का? ‘सेल्फ-डायरेक्टेड लर्निंग’लाही, म्हणजे काय आणि कसे शिकायचे ते शिकणाऱ्याने स्वतःच ठरवणे, याला शब्द हवा आहे.

उत्तर (रावपुरा)
ताई, ‘प्रौढ’ बिचारा चांगला शब्द आहे. प्र + ऊढ, पूर्ण वाढीस लागलेला. ‘प्रौढप्रतापपुरंदर’ म्हणताना कुणाला अंगठा आठवतो? सुधारकांच्या काळात ‘प्रौढविवाह’ हा तर पुरोगामी शब्द होता. त्याला निरक्षरतेचा वास लागला तो सरकारी कामातून. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, 15 ते 35 वयाच्या निरक्षरांसाठी. तेव्हापासून प्रौढ शिक्षण म्हणजे रात्रीचा वर्ग आणि बाराखडी. 2022 मध्ये केंद्र सरकारनेही ‘प्रौढ शिक्षण’ सोडून ‘सर्वांसाठी शिक्षण’ हे नाव घेतले. तरी मी म्हणेन, शब्द टाकू नका. वापरूनच तो स्वच्छ होईल.

उत्तर (दांडिया बाजार)
रावपुऱ्याचे ‘प्रौढ’बद्दलचे म्हणणे मान्य. माझी अडचण ‘शिक्षण’ या शब्दाशी आहे. मराठीत शिक्षण घेतातही आणि देतातही. कोण काय करतो आहे ते शब्दातून कळत नाही, आणि या विषयाचा सगळा इतिहास तर देण्याकडून घेण्याकडे सरकण्याचा आहे.

‘पेडॅगॉजी’ म्हणजे मुलाला नेणे. ग्रीसमध्ये मुलाला शाळेत पोहोचवणाऱ्या गुलामाला तसे नाव होते. आपल्या ‘उपनयना’तही तोच ‘नेणे’ आहे, मुलाला गुरूजवळ. 1833 मध्ये अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने प्लेटोच्या शिक्षणविचाराबद्दल लिहिताना ‘अँड्रॅगॉजी’ वापरला. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाने विरोध केला आणि शब्द जवळजवळ शतकभर बुडाला. 1920 च्या दशकात जर्मनीत कामगारांच्या शिक्षणातून तो पुन्हा वर आला. अमेरिकेत 1926 मध्ये प्रौढांच्या शिक्षणाचे अभ्यासक लिंडमन यांनी मांडले की मोठ्या माणसाचा अनुभव हेच त्याचे पाठ्यपुस्तक. 1928 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी चाचण्या घेऊन दाखवले की शिकण्याची ताकद वयाबरोबर हळूहळूच उतरते, एकदम आटत नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ लॉर्ज यांनी वेळेची घाई काढून पाहिले, तर वयस्क मंडळी तरुणांच्या बरोबरीला आली. म्हणजे उतरत होता तो बराचसा वेग. ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्यांना हे ठणकावून सांगायला हवे.

‘अँड्रॅगॉजी’ शब्द गाजवला अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी, 1968 पासून. त्यांचे म्हणणे असे: मोठ्या माणसाला आपण हे का शिकतो ते आधी कळायला हवे, तो अनुभव घेऊन येतो, समोरच्या अडचणीसाठी शिकतो, आपले आपण ठरवू पाहतो. 1970 च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात त्यांनी दोन शास्त्रे एकमेकांविरुद्ध उभी केली होती. 1980 च्या आवृत्तीत ‘विरुद्ध’ गेले आणि ‘एकाकडून दुसऱ्याकडे’ आले. मुलेही पुष्कळदा अशीच शिकतात, ही टीका त्यांनी मनावर घेतली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ग्रीक ‘अँड्र’ म्हणजे मात्र पुरुष! आणि 1978 मध्ये अमेरिकी अभ्यासक मेझिरो यांनी माणसाची दृष्टीच बदलवणाऱ्या शिकण्याचा सिद्धान्त मांडला, तो बऱ्याच वर्षांनी कॉलेजात परतलेल्या बायकांचा अभ्यास करून. आपला ‘प्रौढ’ या बाबतीत कितीतरी उजवा.

ताई, तुमच्या कामाचे उदाहरण 1991 चे आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांच्या, माणसे काम करता करता कशी शिकतात यावरच्या पुस्तकात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ आधी बटणे लावतो, दुमड घालतो, मग शिवतो आणि बेतायला सगळ्यात शेवटी शिकतो. तयार कपड्यावरून उलटे मागे जाणे. ‘अध्ययन’ म्हणजे शिकणे, शिकवणे नव्हे. म्हणून मथळ्यात ‘प्रौढ-अध्ययनशास्त्र’ लिहा आणि आत सरळ ‘मोठी माणसे कशी शिकतात’.

प्रश्नकर्ती (वाडी)
अगदी पटले! आमच्या भागातल्या दुकानांतही पोऱ्या आधी काज-बटण आणि तुरपाई करतो, कात्री मास्तरांच्याच हातात. वर्गात मात्र पहिल्याच दिवशी कागदावर आकृती. एक काकू कितीतरी वर्षे फॉल-पिको करतात. त्या पट्टी-पेन्सिल धरून नुसत्या बसून राहिल्या. मी त्यांना एक जुना ब्लाउज उसवायला दिला. बाही सुटी करून त्यांनी ती मुंढ्याशी पुन्हा लावून पाहिली आणि बाजूच्या दोघींना म्हणाल्या, “पुढचा मुंढा जास्त खोल असतो, म्हणून बाही उलटसुलट लागली की ओढते.” आकृतीत नेमके हेच दाखवायचे होते. ‘अध्ययन’ पक्के केले. ‘सेल्फ-डायरेक्टेड’चे काय? ‘स्वाध्याय’ चालेल?

उत्तर (दांडिया बाजार)
‘स्वाध्याय’ अर्थाने चपखल आहे, पण शाळेच्या पुस्तकात तो धड्याखालच्या प्रश्नांना लागला आणि गुजरातेत म्हटले की लोकांना स्वाध्याय परिवार आठवतो. ‘स्वयंदिग्दर्शित’ तर ताईंच्या तोंडी बसणारच नाही. ‘आपले आपण शिकणे’ लिहा.

उत्तर (रावपुरा)
त्याला बडोद्याचाच दाखला द्या. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1910 मध्ये ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून वाचनालये उभारली. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. ज्याला जे हवे ते त्याने पेटीतून उचलावे, वर्ग नाही, हजेरी नाही. पुस्तिकेत हे दोन ओळींत आले, तर बायकांना ‘आपले आपण’चा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.