गीझरच्या नळाला करंट येतोय, मालक म्हणतात चप्पल घालून आंघोळ करा (सांगली)

गावभागची_भाडेकरीण
नमस्कार, आम्ही गावभागात जुन्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतोय, अकरा महिन्यांचा करार आहे, गीझर मालकांचाच. नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, मुलगा तर आता आंघोळीलाच नको म्हणतो. आणि बटण बंद असलं तरी कधीकधी जाणवतं हे कसं काय? मालक काकांना सांगितलं तर म्हणाले जुन्या घरात एवढं तेवढं असतंच, चप्पल घाला. माणूस वाईट नाहीत ओ, पण खर्चाचा विषय निघाला की ऐकू कमी येतं. 2019 च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता, मीटर आणि मेन बोर्ड खालीच आहे, वायरिंग बदललं का विचारलं तर "वाळवून घेतलं की" म्हणाले. महावितरणला फोन करू का? खर्च कुणी करायचा?

वायरमन_मिरज
ताई आधी गीझर बंद. नुसतं बटण नाही, खालचा मेन पाडून गीझरची पिनच काढून ठेवा आणि पाणी गॅसवर तापवा. बटण बंद असून करंट येतो म्हणजे बहुतेक फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडलेत, बटण न्यूट्रल तोडतंय आणि फेज आत तसाच उभा. त्यात कॉइल (पाणी तापवणारा भाग) लीक आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी तार) नाही, असं तिन्ही जमलं की नळ मारणारच.

मेनला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) आहे म्हणून बिनधास्त राहू नका. 2000 वॅटचा गीझर साधारण 9 अँपियर ओढतो, त्याला 16 ची एमसीबी असते. माणसाला मारायला अँपियरचा छोटासा हिस्सा पुरतो, तेवढ्याने एमसीबीला काही कळतसुद्धा नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, 30 मिलीअँपियरची, तेवढा करंट जमिनीकडे गळला की क्षणात पडते. आणि वायरमन बोलवाल तेव्हा समोर उभं राहून बघा, काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थला वायरचा तुकडा जोडून देतात, टेस्ट लॅम्प (अर्थिंग तपासायचा दिवा) फक्कन पेटतो, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी तो न्यूट्रल तुटला की गीझर, फ्रिज सगळ्यांच्या बॉडीवर फेज. असलं काम करणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

विश्रामबागचा_मालक
प्रत्येक वेळी मालकच कसा चोर? माझ्याकडच्या पोरांनी 6 अँपियरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून त्यावर इंडक्शन आणि इस्त्री दोन्ही चालवली, सॉकेट वितळलं, वर मलाच म्हणतात वायरिंग हलकं आहे. पण या केसमध्ये काकांचं चुकतंय. पुराचं पाणी गेलेल्या वायरिंगच्या पाइपात गाळ राहतो, बोर्ड वरून कोरडा दिसला तरी आत जोड हिरवे पडलेले असतात. मी तर पुरानंतर मीटर आणि मेन दोन्ही वर घेतलं.

करार_वाचा_आधी
महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, त्यापुढचं घरातलं वायरिंग तुमचं आणि मालकाचं. खांबापासून मीटरपर्यंत ठिणगी, तुटलेली तार असं काही असेल तर 1912 ला फोन करा.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊन वाजवी वेळेत त्यांनी केलं नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. मात्र तुमचा अकरा महिन्यांचा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार नव्हे, नुसती राहायची परवानगी) असणार, त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू ठरता का यावरच वाद घालतात, म्हणून कलमाच्या भरवशावर परस्पर पैसे कापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लेखी टाका, फोटोसकट, तोंडी नको. नवीन करारात अर्थिंग आणि आरसीसीबी मालकाने बसवायची ही ओळ घालून घ्या.

गावभागची_भाडेकरीण
लायसन्सवाला वायरमन आणला, काकांना पण खाली उभं केलं. मीटरच्या पेटीत अर्थिंगची हिरवी तार वेटोळं करून टेपने गुंडाळून ठेवलेली! अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवताना अर्थिंगचा खड्डाच बुजवलाय म्हणे. काकांनी टेस्टर लावून नळ बघितला आणि गप्पच झाले. नवीन अर्थिंग ते करणार, आरसीसीबीचे पैसे निम्मे निम्मे म्हणतात, मी हो म्हटलं, पोराच्या जिवापुढे कुठे वाद घालत बसू. पण अर्थिंग झाल्यावर हाच गीझर चालेल ना?

वायरमन_मिरज
कॉइल लीक असेल तर आरसीसीबी सारखी पडत राहणार, मग लोक वैतागून तिलाच बायपास करतात, तेवढं होऊ देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसून ती फुटते. कॉइल बदलून घ्या, टाकीच गंजली असेल तर मात्र नवीनच. फेज-न्यूट्रल सरळ करून घ्यायला विसरू नका. आणि आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडली नाही तर मला फोन नको, ज्याने बसवली त्यालाच बोलवा 😄