दोष शांपू बारचा की बोअरच्या पाण्याचा?
शांपू बार (शांपूची वडी) वापरायला लागलं की 'पहिले काही आठवडे केस चिकट राहतातच, जुन्या शांपूची केमिकलं निघत असतात, धीर धरा' असं सांगतात, ते मला पटत नाही. आम्ही जळगावात, बोअरच्या पाण्यावर. मी दीड महिना धीर धरला. केस सुतळीसारखे, कंगव्याच्या दातांत पांढरट मेणासारखा राप. धुळ्याची मावशी डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हाई काय करी टाकं व माय!"

तो राप जुन्या शांपूचा नव्हताच. बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की तो बनतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. 'नॅचरल' म्हणून मिळणारे बरेच बार म्हणजे खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबणच, पीएच ९-१० च्या घरात, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. वेष्टणावर 'सोडियम कोकोएट' किंवा 'सोडियम पामेट' दिसलं की साबण समजा. 'सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट' (हा साबण नव्हे, वेगळा फेस आणणारा घटक) असेल तर बोअरच्या पाण्यातही फेस येतो, राप धरत नाही. मी आता तोच वापरते. उरलेला जुना बार (महाग होता, फेकवेना) लावते तेव्हा शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळते. केस बरेच सुटतात, फक्त डोळे घट्ट मिटायचे.